पानावरची मऊ सावली

शामला फोटो काढून घ्यायला गेली होती, पण फोटोग्राफरकडे तिनं एकदाही धड पाहिलं नाही.

नागपूरच्या बर्डीवरचा तो स्टुडिओ वरच्या मजल्यावर होता. उत्तरेकडचं अर्धं छप्पर काचेचं, आणि काचेखाली दोऱ्यांवर सरकणारे पांढरे मलमलीचे पडदे. बाहेर फाल्गुनाचं ऊन डोळे दिपवत होतं. आत मात्र तेच ऊन पडद्यांतून झिरपून, दुधासारखं मऊ होऊन खाली उतरत होतं. खुर्चीवर बसवलेली शामला मान वर करून पाहतच राहिली. असा उजेड तिनं फक्त ब्रह्मदेशात पाहिला होता... मौलमीनच्या घरामागे, उंच झाडांच्या खाली.

"तुमचं लक्ष कॅमेऱ्यात नाही," काळ्या कापडाखालून आवाज आला.

"उजेडात आहे," ती वर पाहतच म्हणाली.

कापड बाजूला झालं आणि केस विस्कटलेला एक तरुण चेहरा बाहेर आला. हा मधुकर. रामटेककडच्या शेतकऱ्याचा मुलगा, फोटोच्या नादानं नागपुरात येऊन राहिलेला. तो हसला. "इथं आलेलं माणूस आपल्याच चेहऱ्यात असते. उजेड पाहणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

कोपऱ्यात बसलेल्या यमुताई, म्हणजे शामलाची आत्या, मुद्दाम खोकल्या. फोटो अमरावतीच्या एका वकिलाच्या घरी पाठवायचा होता, मुलगी पसंत पडावी म्हणून.

पण शामलाचं मन एका झाडात अडकलं होतं. तिचे वडील गणपतराव मौलमीनला सागवानाच्या वखारीत नोकरीला होते. आई तिथेच वारली. बापलेक नागपुरात धंतोलीला यमुताईंकडे परत आले तेव्हा सामानात आईचं एक ऑर्किड होतं, सागाच्या फळीवर बांधलेलं, मुळं हवेत मोकळी सोडलेलं. मौलमीनला थंडीच्या दिवसांत त्याला वेणीसारखे लांब, घमघमणारे घोस लागत, आणि त्या दिवसांत आई घरात उदबत्ती लावत नसे. नागपुरात ते एकदाही फुललं नाही. अंगणात टांगलं तर उन्हानं पानांवर तपकिरी डाग पडले. माजघरात आणलं तर पानं काळपट हिरवी होऊन लोंबू लागली. गणपतराव त्याच्याकडे पाहत नसत. आईचं नावही त्यांनी परत आल्यापासून काढलं नव्हतं.

हे सगळं शामलानं त्या परक्या माणसाला एका दमात सांगून टाकलं, आणि मग चाचरत विचारलं, ते झाड इथं ठेवता येईल का...

यमुताईंनी डोळे मोठे केले. मधुकरनं डोकं खाजवलं. "ठेवा की. निदान फोटो काढताना ते हलणार तर नाही."

तेव्हा कुठे शामलानं त्याच्याकडे नीट पाहिलं.

झाड काचेखाली टांगलं गेलं, आणि दर आठवड्याला ती यमुताईंसोबत ते पाहायला येऊ लागली. यमुताई बाकावर बसून देवाच्या वाती वळत. इकडे दोघांचं भांडण चाले. त्याला वाटे, झाडाला उन्हापासून जपावं, पडदा दुहेरी करावा. ती म्हणे, नुसतं जपून फूल येत नाही, पान कच्च्या पेरूच्या रंगाचं दिसलं पाहिजे.

एकदा वाद घालता घालता त्यानं पानावर आपला हात धरला. "सावली पाहा. कड एकदम साफ पडली, तर ऊन जास्त झालं. सावलीच नाही, तर उजेड कमी. आम्ही चेहऱ्यासाठी अशीच पाहतो... मऊ सावली पाहिजे."

"ही मऊ आहे?"

"तुम्हीच धरून पाहा."

तिनं हात धरला. पानावर दोन सावल्या शेजारी पडल्या, कडा विरघळलेल्या. मग त्या एकमेकींत मिसळल्या, आणि हात मात्र वर हवेत दूर दूरच होते. दोघांनीही ते पाहिलं. दोघांनीही हात लगेच काढला नाही.

मे महिन्यात घात झाला. लग्नाच्या वऱ्हाडाचा फोटो काढायला मधुकरनं पडदे बाजूला सारले आणि गर्दीत तो ते पुन्हा ओढायचं विसरला. शामला आली तेव्हा एक पान भाजून पांढरं पडलं होतं. झाड दोरीवरून उतरवून ती जिन्याकडे निघाली.

"नेऊ नका," तो मागून म्हणाला. "चूक माझी आहे. पण बाहेरच्या उन्हात तर ते एक दिवस टिकणार नाही. रागावायचं तर माझ्यावर रागवा... त्याले राहू द्या."

ती थांबली. झाड तिनं त्याच्या हातात दिलं, आणि त्याच्याकडे न पाहता निघून गेली.

पुढच्या खेपेला स्टुडिओ ओळखू येईना. अर्ध्या काचेखाली पडदा कायमचा शिवून टाकलेला, खाली हवा गार ठेवायला खसाच्या ओल्या ताट्या, आणि गिऱ्हाइकांची खुर्ची भिंतीशी सरकवलेली. दुपारचे फोटो त्यानं बंद केले होते. काहून, असं तिनं विचारलं.

"गिऱ्हाईक सकाळी येऊ शकते," तो म्हणाला. "हे कुठं जाईल?"

त्या दिवसापासून शामला आठवड्याची वाट पाहू लागली, आणि ती वाट झाडाची नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं.

पावसाळा सरला, दिवाळी झाली. भाजलेल्या पानाच्या वर नवं पान आलं. आणि एवढ्या महिन्यांनी अमरावतीहून निरोप आला: फोटो पसंत आहे, रविवारी मुलगी पाहायला येतो. शामलानं ते मधुकरला सांगितलं, पानाकडे पाहत. "चांगलं स्थळ आहे," तो म्हणाला आणि पडदा सारखा करू लागला... पडदा आधीच सारखा होता.

रविवारच्या आदल्या दिवशी सकाळी धंतोलीच्या घरासमोर टांगा थांबला. मधुकर दारात उभा राहिला. थंडीतही त्याच्या कपाळावर घाम होता. "चला," एवढंच तो म्हणाला. गणपतरावांकडे वळून हात जोडत पुन्हा म्हणाला, "तुम्हीही चला, काका."

जिन्यावरच वास आला. गोड, दाट, थंडीत भिजलेला. गणपतराव अर्ध्या पायरीवर थबकले आणि त्यांनी कठड्याला धरलं.

वर काचेखाली झाड लोंबत होतं आणि त्याच्या पानांतून भरगच्च घोस खाली उतरले होते. पांढऱ्या पाकळ्या, त्यांवर जांभळे ठिपके, जणू कोणी एकेक करून बोटानं टेकवलेले. सकाळचा उजेड पाकळ्यांवर पडत नव्हता, त्यांच्या आतून येत होता. यमुताईंनी नकळत हात जोडले. शामला जवळ जाऊन मुळांकडे पाहू लागली. इतकं मोठं काही त्या उघड्या मुळांमध्ये एवढे दिवस होतं, आणि ते फक्त योग्य उजेडाची वाट पाहत होतं...

गणपतराव समोर बसले.

"तुझी आई या दिवसांत कुंदाचा गजरासुद्धा माळत नव्हती. म्हणे, याचा अपमान होते." बोलता बोलता त्यांचे डोळे भरले, आणि ते हसलेही. मग ते आईबद्दल बोलतच राहिले, जणू बांध फुटला होता.

शेवटी त्यांनी डोळे पुसले. "आता घरी न्यायचं का हे झाड?"

शामलाला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"इथंच राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "अन्... मलेही."

यमुताईंच्या हातातली पिशवी खाली पडली. गणपतरावांनी लेकीकडे पाहिलं, मग त्या तरुणाकडे. मधुकरचा चेहरा फुलांपेक्षा पांढरा झाला होता.

"तुम्हाले काही म्हणायचं आहे?" त्यांनी विचारलं.

"फाल्गुनापासून म्हणायचं आहे," मधुकर म्हणाला. "हिंमत झाली नाही. मी आजच रामटेकले जातो, बाबांना घेऊन येतो. तुम्ही हो म्हणाल तर."

गणपतराव उठले. अमरावतीला येऊ नका म्हणून तार करायला हवी, असं ते यमुताईंना म्हणाले आणि त्यांना घेऊन जिना उतरू लागले. यमुताई मागे वळून वळून पाहत होत्या, पण भावानं त्यांना थांबू दिलं नाही.

वर दोघंच उरले.

"रोज वाटायचं, विचारावं," मधुकर हळूच म्हणाला. "तुम्ही झाडासाठी येता, की..."

"झाडाले पाणी तर तुम्हीही घालून राहिले होते. ते काय नुसतं झाडासाठी?" शामला म्हणाली, आणि तिनं त्याचा हात धरला.