डबल काचेतली मेंढी

बिराप्पाला साठाव्या वर्षी खिडकी मिळाली, आणि मिळाली तीही एकदम दोन तऱ्हांची. त्याआधीचा सगळा जन्म मेंढरांमागं, उघड्या माळावर घोंगडी अंथरून गेलेला. जिथं भिंतच नाही तिथं खिडकी कसली? आता म्हसवडपासून सात किलोमीटरवर, पवनचक्क्यांच्या पायाशी, त्याचं चार खोल्यांचं पक्कं घर उभं होतं. पोरगा मल्हार शिरवळच्या कारखान्यात. तो शनिवारचा यायचा. घरात बायको सुलाबाई आणि मल्हारची नवी नवरी अपेक्षा. अंगणापलीकडं वाघूर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, आणि त्यात मेंढरं.

खिडक्यांना काच कुठली बसवायची, यावरून घर तापलं होतं. अपेक्षा मोबाईलवर पोरांना गणित शिकवायची. पण तिच्या आवाजाआधी पवनचक्कीची घरघरच पोरांच्या कानात शिरायची.

"मामा, डबल काच बसवा," ती म्हणाली. "नाहीतर मला शिरवळला खोली घेऊन राहावं लागेल."

बिराप्पा मनात हिशोब घालायला लागला. सून गेली की पोराचं शनिवारचं येणंही बंद, मग चार खोल्यांत म्हातारा-म्हातारीनं काय लपंडाव खेळायचा? पण डबल काच लावली आणि लांडगा आला, तर ऐकू कसं यायचं? पन्नास वर्षं तो मेंढरांच्या आवाजावर झोपला होता.

सांगलीहून टेम्पो घेऊन जोतीराम काचवाला आला. त्यानं तोडगा काढला. वाघुरीकडच्या भिंतीत दोन खिडक्या शेजारी शेजारी होत्या. एकीत त्यानं साधी काच बसवली, दुसरीत डबल.

"शनवारपतुर वापरून बघा, तात्या. जी आवडंल ती सगळ्या घराला." मग त्यानं लायटर पेटवून काचेपुढं धरला. साध्या काचेत ज्योती दोन दिसल्या, डबलमध्ये चार. "ह्या दोन काचा, आन मधी कोंडलेली हवा. आवाज तितंच मरतोय."

तो गेल्यावर बिराप्पानं डबल खिडकी ओढून घेतली आणि गडी हरखूनच गेला. पवनचक्की फिरत होती, पण मुक्यानं. कुत्रं भुंकत होतं, पण नुसतं तोंड उघडत होतं, मिटत होतं. त्यानं खिडकी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. असं वीसेकदा झालं.

"आवं, बिजागरी झिजंल," सुलाबाई म्हणाली.

"आगं, ह्याला बिजागरी नसती. सरकती हाय ही," बिराप्पा ऐटीत म्हणाला. खिडक्यांतलं त्याला आता सगळं कळत होतं.

मग सवयीनं त्यानं तिथूनच मेंढरं मोजली. विसाच्या मापानं, बोट नाचवत, तोंड मिटून. मेंढरांचा आकडा तोंडानं बोलायचा नाही, ही त्याच्या घराण्याची रीत होती. कळप होता तीन विसा आणि वर दोन. डबल काचेतून भरली तीन विसा आणि वर तीन.

तो शेजारच्या खिडकीशी गेला. तीन विसा, वर दोन. अनवाणी वाघुरीत पळाला, एकेका मेंढीच्या पाठीला हात लावला. वर दोनच.

त्यानं जोतीरामला फोन लावला. जोतीराम हसला. "तात्या, लायटर बगितला न्हवं? डबल काचंत डबल दिसतंय."

"मग सगळीच डबल दिसाय पायजेत की गड्या. एकच कशी?"

पलीकडं टेम्पोचा हॉर्न वाजला आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी बिराप्पाला ती जादा मेंढी नेमकी सापडली. मानेवर तांबूस लोकर, डावा कान फाटलेला. डबल काचेत ती दगडी डोणीवर पाणी प्यायला आली, तशी बाकीची मेंढरं सरकली आणि तिला जागा करून दिली. साध्या काचेतून बघावं, तर मेंढरं तशीच सरकलेली आणि मधे रिकामी जागा.

आता दुसरा कुणी असता तर घाबरला असता. बिराप्पाला उकळ्या फुटल्या. फुकटची मेंढी आणि तीही अशी गुबगुबीत. बुधवारी दुपारी तो खिडकीला नाक लावून उभा असताना अपेक्षा वही घेऊन आली.

"मामा, किती भरली आज?"

"तीन इसा आन तीन," बिराप्पा बोलून गेला.

आतून सुलाबाई पिठाच्या हातानंच धावत आली. "तोंडानं बोललासा? आवं, बोललेला आकडा पुरवाय लागतोय. कुटनं पुरवनार?"

"पुरवंल की काच," बिराप्पा म्हणाला, आणि सासरा-सून दोघंही हसली.

गुरुवारी सकाळी तांबूस मानेची मेंढी वाघुरीत उभी होती. दोन्ही काचांतून दिसणारी. बिराप्पानं तिच्या पाठीवर हात ठेवला. लोकर पिळून काढावी इतकी ओली होती. माणदेशात चार महिन्यांत पावसाचा थेंब पडला नव्हता.

त्यानं सगळ्या घराला डबल काच सांगून टाकली. सून घरात राहणार होती, कळप वाढणार होता, अजून काय पाहिजे? अपेक्षानं शिकवणीच्या पोरांना बातमी दिली. सुलाबाई तेवढी 'पुरवाय लागतोय, पुरवाय लागतोय' असं पुटपुटत होती.

शनिवारी मल्हार आला. दुपारी जोतीराम टेप घेऊन मागच्या खोल्यांची मापं काढायला लागला. बिराप्पानं पोराला ओढतच डबल खिडकीशी आणलं. मागोमाग सुलाबाई आणि अपेक्षाही आल्या.

"बग, तुझ्या बापाची खिडकी."

वाघुरीत एक माणूस उभा होता.

"आबा, कोन ह्यो?" मल्हारनं विचारलं.

बिराप्पा साध्या काचेकडं सरकला. तिथून नुसती मेंढरं दिसत होती. तो परत आला. माणूस होता. डोक्यावर घोंगडीची खोळ, तिच्या कडांतून पाणी निथळत होतं. तो बोट नाचवत मेंढरं मोजत होता. विसाच्या मापानं.

मोजून झालं. त्यानं पुन्हा मोजली.

मग त्यानं मान वर केली आणि घराकडं बघितलं.

तो चालत खिडकीपाशी आला. त्याचं तोंड खोळीच्या सावलीत होतं. बोट तेवढं उजेडात. ते बिराप्पावर थांबलं. सुलाबाईवर. मल्हारवर. अपेक्षावर.

मग तो काहीतरी बोलला.

डबल काच होती. आवाज आला नाही.

पण बिराप्पानं जन्मभर आकडे ओठांत धरले होते, ओठांवरचा आकडा त्याला कळायचा. चार म्हणायला तोंड उघडावं लागतं. त्या माणसाचं तोंड उघडलं नाही. ओठ नुसते फाकले.

तीन.

बिराप्पा पळत वाघुरीत गेला. फाटक्या कानाची मेंढी त्यानं दोन्ही हातांनी ओढत काचेशी आणली. "घे," तो ओरडला. "घे तुझी, घेऊन जा."

तिथं कुणी नव्हतं. जमीन कोरडी होती.

आतून, काचेमागून, मल्हार आणि सुलाबाई त्याच्याकडं बघत होती. अपेक्षानं खिडकी सरकवली.

"मामा, साधीच बसवा," ती म्हणाली. "मी नाही जात शिरवळला. इथंच राहते."

"जोतीराम," बिराप्पानं हाक मारली. "काड ही काच. आत्ताच्या आत्ता."

जोतीरामनं काच काढून टेम्पोत ठेवली आणि तिच्या जागी साधी बसवली. दिवस कलला होता. पवनचक्कीची घरघर घरात आली, मेंढरांचं बें-बें आलं. बिराप्पानं उंबऱ्यात बसून ते कानभर ऐकून घेतलं आणि त्याचा जीव खाली बसला. सुलाबाईनं चहा आणला.

"ब्येस झालं," जोतीराम बशीत चहा ओतत म्हणाला. "मेंढरावाल्याला साधीच बरी. पर तात्या, तुमास्नी डबल काचंचं सुचवलं कुनी?"

बिराप्पानं मल्हारकडं बघितलं. मल्हारनं आईकडं. तिघांनीही जरा वेळ आठवून पाहिलं.

"कुनाला ठावं," बिराप्पा म्हणाला. "आमाला तर आवाजाचा तरास कवाच न्हवता."

"काय का आसंना, घर झालं," सुलाबाई म्हणाली. आज पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू होतं. "आता आवंदा मल्हारसाठी पोरगी बगायची."

मल्हार लाजला आणि बशीत बघायला लागला.

"बगू की," बिराप्पा म्हणाला. "घरात चौथं मानूस पायजेच."