भालूची शाल

"भालू बंद पडणं शक्यच नाही. प्रोग्राम मी लिहिलाय," शर्वाणी म्हणाली, आणि चंद्रवसाहतीतल्या शाळेचा तो यंत्रमानव शाल घेऊन थेट भिंतीवर आदळला. मग ठप्प.

तासाभरात सत्कार समारंभ. पोंक्षे सरांनी आधीच बजावलं होतं, "आज अडकला तर भंगारात."

शर्वाणीनं धावत मालूआत्याला आणलं. आत्याचं अख्खं आयुष्य सी भाषेत (यंत्राला हुकूम देण्याची एक जुनी भाषा) गेलेलं.

"पाहुण्यांच्या नावाला मेमरीत किती खाने ठेवलेस?"

"साठ. पुष्कळ झाले की."

"अगं, मराठीतलं एकेक अक्षर, काना, मात्रा, प्रत्येकी तीन खाने खातं. आणि नाव काय आहे?"

"कार्यसम्राट समाजभूषण विकासमहर्षी दादासाहेब घोरपडकर."

"झालं. साठ खाने भरले, उरलेलं शेजारी सांडलं. शेजारी काय होतं?"

"शाल कुणाच्या खांद्यावर घालायची, ते."

"ते पुसलं गेलं. भालू निघाला 'विकासमहर्षी' नावाच्या पत्त्यावर खांदा शोधायला. सी भाषा अडवत नाही हं, तू सांगशील ते निमूट करते. मोजायचं आपणच."

शर्वाणीची बोटं भराभर चालली. साठ खाने भरले की थांब. भालू उठला, माइकपाशी गेला आणि बोलतच सुटला. "कार्यसम्राट समाजभूषण शाल पाहुण्यांच्या खांद्यावर बॅटरी बारा टक्के पोंक्षे सरांच्या भाषणानंतर टाळ्यांची टेप लावणे..."

सर दारातच उभे होते. शर्वाणीनं भालूचं बटण दाबलं.

"आता काय चुकलं गं आत्या?"

"शेवटी शून्य कुठंय? ते म्हणजे 'इथं संपलं' ही खूण. तिलाही एक खाना लागतो. ती नसेल तर तो पुढचं वाचतच जाणार."

"म्हणजे एकोणसाठ नावाला, साठावा शून्याला." शर्वाणीनं लगेच तसं लिहून टाकलं.

"हां. आता कळलं तुला."

"पुढच्या वेळी आधी नाव मोजीन, शून्याचा एक धरून तेवढेच खाने मागून घेईन."

"आणि काम झालं की परत कर. नाहीतर मेमरी संपेल. बाईसाहेब, पाहुणे आले."

सभागृह भरलं, पहिली रांग तर नुसत्या पुढाऱ्यांनी. भालू माइकपाशी गेला. शर्वाणी नखं खात होती. तो अडकला नाही, सांडला नाही. स्वच्छ आवाजात "कार्यसम्राट समाजभूषण" म्हणाला, एकोणसाठ खाने संपले म्हणून थांबला, आणि शाल उघडून उभा राहिला.

शालीसाठी सात पाहुणे उठले.