बर्निस हलणार नाही!

"तळ्यावर जायचं म्हणजे जायचं!" दहा वर्षांच्या ऑटीने ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब गळ्यातच अडकवली होती. "चार दिवस झाले, नुसतं उद्या-उद्या चाललंय तुमचं!"

"अरे थांब ना जरा. आई बर्निसला बाहेर काढतेय. तेवढं बघू आणि निघू," मार्ली म्हणाली. मार्ली त्याची मोठी बहीण. वय वर्षं तेरा. एकदा नाही म्हणाली की तिच्या तोंडून हो काढायची कुणाची टाप नव्हती.

फायर स्टेशनच्या कुंपणावर त्यांच्या शेजारी डॅरेल बेगे बसला होता. तो मार्लीच्या वर्गातला आणि त्याची व्हर्ना आत्या म्हणजे फायर स्टेशनची कॅप्टन. अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटातल्या त्या चिमुकल्या गावात आग विझवायला पगारी माणसं नव्हती. भोंगा वाजला की सुतार, टपालवाले, शाळेतले मास्तर, सगळे हातातलं काम टाकून धावायचे. मार्लीची आई लोरेन, ती बर्निस चालवायची. बर्निस म्हणजे पाठीवर पाण्याची टाकी घेतलेला लाल पिकअप ट्रक. खडकांतून जाता यावं म्हणून शनिवारी तिला चांगली चार इंच उंच केली होती, आणि ते काम केलं होतं पोरांच्या क्लिंट मामाने.

गुरगुरत, ऐटीत बर्निस बाहेर आली. आईने तिला उजवीकडे वळवलं आणि आवाज आला, खर्रर्र!

"ऐकलंस?" मार्लीने डॅरेलला कोपर मारलं.

"टायर घासतोय मडगार्डला. फक्त उजवा!"

"आणि आईचे हात बघ! गाडी चाललीये सरळ, पण स्टिअरिंग डावीकडे ओढून धरलंय तिने."

तिघंही धावत मामाकडे गेली. मामा खांबाला टेकून कॉफी पीत होता.

"नवे टायर आहेत रे! अंग चोळून घेतायत!" तो हसला. "जा, पोहायला जा. मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नका."

मार्लीला ते हसणं मुळीच आवडलं नाही. घाटावर वीज पडून झुडपं पेटली होती. तिथली तुकडी दोन दिवस जागी होती आणि चार वाजता आई बर्निस घेऊन त्यांना सोडवायला निघणार होती. भरलेली टाकी, घाटातला उतार आणि एका बाजूला खोल दरी! घासून घासून टायर तिथेच फुटला तर? घड्याळात एक वाजला होता.

"ऑटी, ट्यूबची दोरी दे."

"का? माझी आहे ती!"

"दे म्हणते ना!"

आई टाकी भरायला पाइप आणायला गेली, तेवढ्यात तिघं कामाला लागली. पुढची चाकं अगदी सरळ होती. डॅरेलने दोरीचं टोक पुढच्या चाकाच्या मध्यावर धरलं, मार्लीने ती मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत ताणून तिथे गाठ मारली. ही झाली डावी बाजू. मग तीच दोरी उजवीकडे लावली. गाठ मागच्या चाकाच्या मध्याच्याही पुढे गेली, चांगली दोन बोटं!

"म्हणजे उजवं चाक मागे सरकलंय!" डॅरेल ओरडला. "अख्खा ॲक्सल तिरका बसलाय!"

पुढच्या दोन चाकांना जोडणारा ॲक्सल दोन लांब दांड्यांनी गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो. कंट्रोल आर्म म्हणतात त्यांना. गाडी उंच केली की हे दांडे नवे, लांब लावायचे, आणि दोन्ही अगदी सारख्या लांबीचे. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"अशक्य!" मामा गरजला. "हे बघ, भिंतीवर लिहिलंय. डावा एकवीस इंच, उजवा एकवीस इंच! डावा शाळेतल्या ग्लेन मास्तरांनी मोजला, उजवा मी स्वतः!"

"मग बसवताना काही अडलं नाही?" मार्लीने विचारलं.

"अडलं ना! उजवीकडे बोल्टचं भोक जुळेचना. मग पट्टा बांधला आणि करकचून ओढला ॲक्सल. असला हट्टी ॲक्सल जन्मात पाहिला नाही!"

"मामा, तो हट्ट करत नव्हता. तो तुला सांगत होता!"

"आगाऊपणा पुरे!"

आता आली का पंचाईत! दोन्ही दांडे एकवीस इंच, मग दोरी खोटं बोलते की काय? तिघं बाकावर डोकं धरून बसली. ऑटीने मात्र फार वेळ डोकं धरलं नाही. त्याच्या डोक्यात अजून तळंच होतं.

"मामा, ट्यूबवर बसायला फळी कापून दे ना. बरोबर तीस इंच!"

ब्याद टळावी म्हणून मामाने फळी ओढली, खिशातली टेप काढली, खूण केली. मार्ली बघत होती. बघता बघता ती ताडकन उठली.

"मामा! टेप एकपासून का धरलीस?"

"टोकाची पट्टी वाकलीये तिची. पहिल्या इंचावर भरवसा नाही. आम्ही सुतार लोक पहिला इंच सोडतो. तीस हवे तर एकतीसवर खूण करायची. माझ्या बापाने शिकवलंय, पोरी!"

"मग एकवीस हवे तर?"

"बावीसवर."

"आणि भिंतीवर काय लिहिलंय?"

मामाने भिंतीकडे पाहिलं. त्याचे कान टोमॅटोसारखे लाल झाले.

"ग्लेन मास्तरांची टेप धड होती," डॅरेल बोटांवर मोजत म्हणाला. "त्यांचा एकवीस म्हणजे एकवीस. तुमचा एकवीस म्हणजे वीस! एक इंच आखूड. आणि दांडा आत, चाक पार बाहेर. फाटकाचं बिजागर इंचभर ढळलं की टोक दोन इंच ढळतं, तसं!"

"आणि मोजत होतास तेव्हाच पिझ्झा आला होता," ऑटीने भर घातली. "सगळ्यात मोठा तुकडा तूच घेतलास."

"गप्प बसा!" मामा उसळला. "तीस वर्षं घरं बांधतोय मी, एक तरी भिंत वाकडी आहे का? लोक छी-थू करतील माझी! चारला गाडी जाणार म्हणजे जाणार. आणि तुझ्या आईला घाबरवलंस तर बघ!"

चूक कळली होती त्याला, आणि तरी तो तिथून चालता झाला! मार्लीला रडू यायच्या बेतात होतं, पण त्याआधी राग आला. असा राग, की पाय आपोआप चालू लागले.

चारला पाच मिनिटं कमी असताना आईने किल्ली हातात घेतली आणि पाहते तर काय? मार्ली बर्निसच्या पुढच्या चाकाला पाठ लावून जमिनीवर बसलेली!

"मार्ली! ऊठ तिथून!"

"नाही."

"ही काय थट्टा चाललीये? माणसं दोन दिवस झोपली नाहीयेत तिथे!"

"म्हणूनच बर्निस हलणार नाही! त्यांना गाडी पोचायला हवीये. दरीत पडलेली नकोय!"

डॅरेल दुसऱ्या चाकाशी बसला. ऑटी ट्यूबसकट मधोमध! गर्दी जमली. कुणी म्हणालं, उचला पोरांना. कुणी म्हणालं, हल्लीची पिढीच अशी. मामा गर्दीच्या मागे उभा राहून बूट न्याहाळत होता.

"मी तीनपर्यंत मोजते," आई म्हणाली. तिचा आवाज थंड झाला होता, म्हणजे ती भयंकर चिडली होती.

"शंभरपर्यंत मोज!" मार्लीने हनुवटी वर केली. "ही गाडी तू चालवणार आहेस, आई! दुसरं कुणी नाही, तू! एकदा दोरी लावून बघा. मी चुकले असेन तर सुट्टीभर रोज बर्निसला धुवीन. पण बघितल्याशिवाय मी उठणार नाही!"

"दोरी कुठे आहे?"

आवाज व्हर्ना कॅप्टनचा होता. गर्दी दुभंगली. बाई गुडघ्यावर बसल्या आणि स्वतःच्या हाताने दोरी आधी डावीकडे, मग उजवीकडे लावली. गाठीवर दोन बोटं ठेवून त्यांनी अंतर मोजलं. मग उठून म्हणाल्या, "लोरेन, किल्ली दे. गाडी जाणार नाही."

कॅप्टननी वायरलेसवरून शेजारच्या गावाची गाडी घाटावर धाडली. मग त्या वळल्या. "हे कसं झालं?"

मार्लीने तोंड उघडलं, पण त्याआधीच मामा पुढे आला.

"माझ्यामुळे," तो म्हणाला. "इंच सोडला आणि मिळवायला विसरलो. आणि दुपारी हे पोरांनी दाखवलं, तेव्हा मी त्यांनाच गप्प केलं."

आईने भावाकडे असं पाहिलं की तो आणखी इंचभर आखूड झाला असावा.

पण मग काम मात्र झपाट्याने झालं! दांडा सोडवला, ग्लेन मास्तरांच्या टेपने मोजत टोकाचा आटा फिरवून लांब केला, आणि या वेळी बोल्ट अलगद भोकात गेला. पट्टा नाही, ओढाताण नाही! मामा पान्याने बोल्ट आवळायला लागताच डॅरेल ओरडला, "थांबा! गाडी अजून जॅकवर आहे! चाकं टेकल्याशिवाय शेवटचं आवळायचं नसतं, आतलं रबर पिळवटतं!"

"बरं बाबा, मास्तर!" मामाने निमूटपणे गाडी खाली घेतली.

दोरी पुन्हा लावली. डावीकडे गाठ मध्यावर. उजवीकडे गाठ मध्यावर! ऑटीने अशी आरोळी ठोकली की कुत्री भुंकायला लागली.

"माझ्या तुकडीत वीस माणसं आहेत," व्हर्ना कॅप्टन तिघांना म्हणाल्या. "आज इथली सगळी चुकीच्या बाजूला उभी होती आणि तुम्ही तिघंच बरोबर. एवढ्या लोकांसमोर ठाम राहणं आगीत शिरण्यापेक्षा अवघड असतं. शाब्बास!"

साडेसहाला आई पुन्हा बर्निसमध्ये चढली. किल्ली लावली, पण फिरवली नाही. खिडकीतून वाकून ती मार्लीकडे बघत राहिली. मघाचा राग केव्हाच ओसरला होता आणि डोळे ओले होते.

"काय गं," ती म्हणाली, "निघू का मी?"

मार्ली उजव्या चाकाशी वाकली. मडगार्डच्या आत हात घालून पाहिला, मग उठून दोन पावलं बाजूला झाली.

"हं," ती म्हणाली. "आता जा!"