अकरा दाते

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या त्या रस्त्यावर तीन गाड्यांचं गॅरेज असूनही ज्याची गाडी बारा महिने बाहेर बर्फात उभी असते असं घर एकच, देवस्थळींचं. गॅरेजमध्ये गाडीला जागा कुठून असणार? तिथे सहा ट्रॅक्टर नांदतात. आपल्याकडे शेतात दिसतात तसले दांडगे नव्हेत. ही त्यांची धाकटी भावंडं, घरामागचं गवत कापायला आणि दारातला बर्फ ढकलायला साठ वर्षांपूर्वी अमेरिकेत घरोघरी असायची. ती बनवणारी बेलफोर्ड नावाची एक कंपनी १९७१ साली बुडाली, आणि तेव्हापासून बेलफोर्डचा साधा वॉशर मिळवायचा म्हटलं तरी माणसं मेटाकुटीला येतात. जे कुठेच मिळत नाही ते गुरुनाथ देवस्थळी करून देतो.

एकतीस वर्षं त्याने गाड्यांच्या कंपनीत गिअरबॉक्स डिझाइन केले, पण एकाही गिअरवर त्याचं नाव नव्हतं. ती खुमखुमी रिटायर झाल्यावर उसळून आली. त्याने लेथ घेतला, मिलिंग मशीन घेतलं, आणि दोन वर्षांत ऑरेगॉनपासून पेनसिल्व्हेनियापर्यंतचे म्हातारे शौकीन ‘गुरू’ला फोन करू लागले. महाराष्ट्र मंडळात त्याची थट्टा व्हायची, की पंगतीत मोदक वाढायला कोणी आलं तर हा खिशातून बुशिंगचं पितळी कडं काढून दाखवतो. थट्टा कसली, त्याने खरंच एकदा दाखवलं होतं.

त्याचा एक ठसा होता. पुण्याच्या बोहरी आळीतून करून आणलेला, तांदळाच्या दाण्याएवढा ‘गु’. पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हातांनी केलेल्या पार्टवरच तो उमटायचा, तोही आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही असा. एकदा ठसा फरशीवर पडला आणि उकाराची शेपटी तुटली. तेव्हापासून त्याचा ‘गु’ किंचित लांडा होता.

मागच्या एप्रिलमध्ये गुरुनाथने हॉवेलजवळच्या एका फार्मवरून १९६१ चा बेलफोर्ड आणला. विकणारा रे नावाचा शेतकरी होता. वडिलांनी ट्रॅक्टर नवा घेतला तेव्हापासून गिअरबॉक्स कधी उघडलेलाच नाही, असं त्याने सांगितलं. गुरुनाथने स्वतः खात्री केली. बोल्टवरचा रंग अखंड होता आणि झाकणाखालचं कागदी पॅकिंग कारखान्यातलंच होतं. एकदा उघडलं की ते फाटतं, परत बसवता येत नाही.

त्याने झाकण उघडलं. आतलं तेल वाळून गुळाच्या पाकासारखं झालं होतं. ते खरवडताना एका कॉलरवर, म्हणजे आतल्या दांड्यावरच्या कड्यावर, काहीतरी चमकलं म्हणून त्याने चष्मा पुसून भिंग लावलं.

लांडा ‘गु’ होता.

गुरुनाथने आधी रेला फोन केला. मग ठसा ड्रॉवरमध्येच आहे ना ते पाहिलं. मग कोणी नक्कल केली असेल का, कधी, कशासाठी, याचा इंजिनिअरच्या शिस्तीने विचार केला. साठ वर्षांच्या वाळलेल्या तेलाखाली नक्कल कशी जाईल, इथे ती शिस्त थांबायची. मे महिन्यात नेब्रास्काच्या एकाने त्याच्या पहिल्यांदाच उघडलेल्या इंजिनातल्या वॉशरचा फोटो पाठवून विचारलं, की ही नागमोडी खूण कसली? जुन्या शौकिनांना ती माहीत होती. कारखान्यात कोणी निष्णात कारागीर असावा, असं ते म्हणत. ही खूण असलेला पार्ट कधी दगा देत नाही, अशी तिची ख्याती होती.

खरं तर गुरुनाथला भीती वाटायला हवी होती. पण त्या संध्याकाळी त्याची छाती अशी फुगली की जेवताना त्याने नैनाला सगळं सांगून टाकलं. नैनाने तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढलेली, तिला नवऱ्याच्या कौतुकाचे डोस पचवायची सवय होती. ती म्हणाली, “मग आता निवांत बसा की. काम तर झालेलंच आहे.”

झालेलं नव्हतं. जूनमध्ये त्याच वॉशरची ऑर्डर आली, दुसऱ्याच कोणाकडून. त्याने वॉशर केला, ठसा मारला आणि पाठवला. मग त्या कॉलरची ऑर्डर आली. मग एका पिनची, जिचा फोटो त्याने आठवडाभरापूर्वीच पाहिला होता. जुन्या यंत्रात आपली खूण दिसली की तो पार्ट आपल्याला करावा लागतो, हे गुरुनाथने पाऊसपाण्यासारखं मान्य करून टाकलं. उलट पार्ट करताना हात जास्तच सफाईने चालायचा.

रेच्या ट्रॅक्टरमधला सगळ्यात खालचा शाफ्ट जाम होता. तो सुटायला सप्टेंबर उजाडला. त्यावर चोवीस दात्यांचं एक चाक होतं.

गुरुनाथची दाते कापायची एक पद्धत होती. बाकीचे लोक सगळे दाते कापून घेतात आणि मग प्रत्येकाची धार कानशीने मोडतात. हा एक दाता कापायचा, मशीन थांबवून लगेच त्याची धार मोडायचा, आणि मगच पुढचा कापायचा. मशीनचं काम कोणाचंही सारखंच दिसतं, पण कानशीच्या रेघांत माणसाचा हात दिसतो.

त्या चाकाच्या अकरा दात्यांवर त्याच्या रेघा होत्या. बाराव्यापासून त्या उलट्या कलल्या होत्या.

काम उत्तम होतं, पण ते त्याचं नव्हतं. शेवटी ठसा होता, तोही जरासा तिरका बसलेला. त्याने कानस उचलून हवेत फिरवून पाहिली, आधी उजव्या हाताने, मग डाव्या. रेघा डाव्या हाताच्या होत्या. गुरुनाथच्या घरात डावखुरं माणूस एकच होतं, आणि ते आत भेंडी चिरत होतं.

त्याने चाक फडक्यात गुंडाळून कपाटात टाकलं. अर्धवट काम त्याने आयुष्यात कधी सोडलं नव्हतं. हातपाय चालत असेतो सोडलं नसतं.

ऑक्टोबरच्या शेवटी इंडियानाहून डेल नावाच्या माणसाचा फोन आला. त्याच्या वडिलांच्या बेलफोर्डचं चोवीस दात्यांचं चाक गेलं होतं. बर्फ पडायच्या आत मिळेल का, असं तो विचारत होता. गुरुनाथने कपाटाकडे एकदा पाहिलं. मग गुरुनाथने हो म्हटलं.

नैनाने त्याचा चेहरा पाहिला. “एवढं टेन्शन येतंय तर ऑर्डर कॅन्सल करा ना. दुसरं कोणी देईल करून.”

“दुसरं कोणी नाही,” तो म्हणाला. “आणि मी आजवर कोणाला नाही म्हटलेलं नाही.”

त्या रात्री त्याने हिशेब मांडला. नाही म्हणावं, म्हणजे कदाचित बरीच वर्षं सुखाने जगावं. पण मग ते उरलेले तेरा दाते कापायचे कोणी? आणि ते तर कापले गेले होते, साठ वर्षं न कुरकुरता फिरले होते. ते ज्या हाताने कापले त्याला कोणीतरी शिकवलं होतं. त्याच्याखेरीज शिकवणारं होतं कोण?

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर त्याने नैनाला गॅरेजमध्ये बोलावलं आणि तिच्या हातात कानस दिली.

आजवर त्याने तिला मशीनला बोटही लावू दिलं नव्हतं. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि कानस डाव्या हातात घेतली. शिकायला मात्र ती वाघीण निघाली. लॅबमधला सराव असल्यामुळे तिचा हात हलत नव्हता. मशीन कितव्या दात्यावर आहे ते ती न मोजता, नुसत्या आवाजावरून सांगायची. गुरुनाथ रोज तिचा सरावाचा तुकडा घेऊन कपाटाकडे जायचा, पाठ करून फडकं सोडायचा आणि भिंगाखाली दोन्ही शेजारी धरायचा. जुनं काम अजून सरस होतं. म्हणजे अजून वेळ होता.

चुकीचं शिकवलं असतं तर आणखीही वेळ मिळाला असता. हा विचार त्याच्या मनात दोनदा आला. पण तिने कानस जरा जास्त दाबली की त्याच्या तोंडून “हलकं, हलकं” निघायचंच. तिच्या रेघा एकसारख्या यायला लागल्या तेव्हा त्याला इतका आनंद झाला की त्याने मंडळातल्या दोघांना फोन करून बायकोचं कौतुक केलं. ते हसले. हा स्वतःखेरीज कोणाचं कौतुक करतोय, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

नोव्हेंबरच्या एका सकाळी आभाळ पांढरं झालं होतं. नैनाने एक तुकडा पुसून त्याच्या हातात ठेवला.

गुरुनाथ कपाटाकडे गेला. भिंगाखाली दोन्ही धरले. खाली ठेवले. पुन्हा धरले.

कुठला जुना आणि कुठला आजचा, ते सांगता येत नव्हतं.

“फार चांगला हात आहे तुझा,” तो म्हणाला.

नैनाने हात पुसले. ती चहा ठेवते म्हणाली.

त्याने डेलच्या चाकाची गोल चकती मशीनवर चढवली, पक्की आवळली आणि हाताने फिरवून पाहिली. तिला किंचितही डगमग नव्हती. घरात जायचं दार नैना ओढून घेत होती.

“दार राहू दे उघडं,” तो म्हणाला. “तिकडून मशीनचा आवाज ऐकत राहा. अकरा झाले की ये.”

“तुम्ही हाक मारा ना.”

“मारेन,” गुरुनाथ म्हणाला आणि त्याने कानस उचलली. “नाही मारली तरी ये.”