निळ्या तोंडाचं कार्ड

"घेतलं! घेऊन टाकलं!" रेनोकाका हातातली चंदेरी पिशवी नाचवत गर्दीतून वाट काढत आला. "माझ्यासारखी घासाघीस करणारा अख्ख्या हॅनकॉक गावात शोधून सापडायचा नाही!"

आयनोच्या हातातली बटाट्याचं सारण भरलेली गरमगरम पेस्टी तोंडाशी येता येता थांबली.

"काय घेतलंस काका?"

"ग्राफिक्स कार्ड! तुमच्या मशीनचं! जवळजवळ नवं कोरं! दुकानात याच्या दुप्पट पडतात!"

"काका! अरे, आम्ही अजून ठरवलंसुद्धा नव्हतं!" आयनोचा धाकटा भाऊ टोइव्हो ओरडला. त्याच्या तोंडातला बटाटा शेजारच्या क्लेमच्या बाहीवर उडाला.

"शी! आधी गीळ, मग बोल," क्लेम ट्रेव्हॅरो बाही झटकत म्हणाला. तो त्यांचा शेजारी, आयनोपेक्षा वर्षानं मोठा. "काका, सगळे पैसे दिलेत?"

"सगळे! वर माझा एक डॉलर घातला. काकाकडून भेट समजा!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हिवाळाभर त्यांनी अर्ध्या गल्लीच्या छपरांवरचा बर्फ फावड्यानं खाली ओढला होता. हात सोलले, पाठी मोडल्या, पण पैसे जमले. मुलांच्या हातात ते हरवतील म्हणून आईनं ते सांभाळायला दिले होते रेनोकाकाकडे!

मार्चच्या सुट्टीत अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळाचा बाजार भरायचा. जुने रेडिओ, वायरी, पंखे, कॉम्प्युटरचे सुटे भाग, काय म्हणाल ते टेबलांवर मांडलेलं असे. मुलांचं मशीन बाकी तयार होतं. क्लेमच्या बाबांच्या ऑफिसनं टाकून दिलेला कॉम्प्युटर त्यांनी झाडूनपुसून उभा केला होता आणि आज सोबत आणला होता. प्रोसेसर धडधाकट होता. अडत होतं ते फक्त खेळाची चित्रं पळवणाऱ्या कार्डापाशी.

आणि घाई का? तर शाळेच्या कॉम्प्युटर-खेळांच्या संघात गाड्यांच्या शर्यतीच्या खेळासाठी एकच जागा उरली होती. मार्क्वेट गावच्या स्पर्धेत प्रत्येकानं आपलं मशीन आणायचं, असा नियम. संघाच्या निएमीबाई आज बाजार संपायच्या आत इथेच येणार होत्या. "चालू मशीन दाखव, तुझं नाव पाठवते," असं त्या आयनोला म्हणाल्या होत्या. "नाही दाखवलंस तर मला दुसऱ्या कुणाला घ्यावं लागेल गं. माझा नाइलाज आहे."

आयनोनं पिशवीतून कार्ड काढलं. वर चकचकीत हिरवा स्टिकर होता: 'मंडळानं तपासलेलं'. तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"क्लेम, हे बघ."

कार्डाच्या कडेला स्क्रीनची वायर लावायच्या जागा होत्या. त्यांतली एक निळी, पंधरा भोकांची.

"निळं तोंड?" क्लेमचे डोळे विस्फारले. "हे तर आजोबांच्या जाड्या स्क्रीनला असायचं! पिशवीवरच्या या नव्या मॉडेलला निळं तोंड नसतंच!"

"झालं! लागले शंका काढायला!" काकानं हात झटकले. "हिरवा स्टिकर दिसत नाही? खुद्द मंडळाच्या अध्यक्षानं, कांगासनं तपासलंय. शिवाय मी त्या माणसाच्या टेबलावर शर्यत चालताना या डोळ्यांनी पाहिली. लोण्यासारखी चालत होती!"

"चल, आपणही बघू," आयनो म्हणाली.

तो माणूस म्हणजे स्ट्रिकलंड. मॅकिनॉ पुलापलीकडून, दक्षिणेतून आलेला. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. त्याच्या टेबलावर चंदेरी पिशव्यांचा ढीग होता आणि मोठ्या स्क्रीनवर बर्फातली शर्यत धावत होती. भोवती ही गर्दी!

"पुलाखालचा राक्षस," टोइव्हो आयनोच्या कानात पुटपुटला. नकाशात पुलाच्या खाली, दक्षिणेला, राहणाऱ्या सगळ्यांनाच गावातली पोरं तसं म्हणत.

"गप! त्यानं ऐकलं तर?"

टोइव्हो टक लावून स्क्रीन बघत राहिला. लाल गाडी वळणावर घसरली, देवदाराच्या झाडावर आपटली, गिरकी घेऊन पुन्हा रस्त्यावर आली. थोड्या वेळानं लाल गाडी वळणावर घसरली, झाडावर आपटली...

"ताई," तो म्हणाला, "ही गाडी त्याच झाडावर तिसऱ्यांदा आपटली. आणि दर वेळी तो कावळा तसाच उडतो!"

आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यानं टेबलावरचा कंट्रोलर उचलून डावीकडे, उजवीकडे दाबला. लाल गाडी आपली सरळ पुढे!

"ए पोरा! हात लावू नकोस!" स्ट्रिकलंडनं कंट्रोलर हिसकावून घेतला. "मोडलास तर तुझा बाप भरून देणार आहे का?"

"पण गाडी वळतच नाही!"

"तुला चालवता येत नाही म्हणून वळत नाही!" लोक हसले. टोइव्होचे कान लाल झाले.

आयनोनं त्याला बाजूला ओढलं. "तो खेळ नाहीये. नुसता व्हिडिओ लावलाय!"

मग ती परत टेबलाशी गेली आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली, "काका, आमचं कार्ड तपासणीच्या टेबलावर लावून दाखवाल का? तिकडे कोपऱ्यात आहे."

"टेबल सोडून कसा येऊ बाळा? आणि हिरवा स्टिकर असताना तपासायचं काय? विकलेला माल परत नाही. बोर्ड वाचता येतो ना?"

आयनोला रडूच फुटणार होतं. हिवाळाभराची मेहनत गेली, संघातली जागा गेली, आणि वर हा माणूस तिला बाळ म्हणतोय!

"कांगासकाकांना सांगू," क्लेम म्हणाला.

कांगासकाका रेडिओ मंडळाचे अध्यक्ष. ते मंचावर माइकपाशी बसून पेस्टी खात होते.

"हिरवा स्टिकर म्हणजे माझा शब्द!" ते मिशीवरचे तुकडे झटकत गरजले. "तुम्ही पाळण्यात होता तेव्हापासून मी हे भाग तपासतोय. जा, खेळा बाहेर!"

मुलं खाली मान घालून मागे फिरली. पण दोन पावलांवर आयनो थबकली. तिच्या डोळ्यांत एकदम चमक आली.

"क्लेम, तुझा आवाज खणखणीत आहे ना?"

"आई म्हणते फाटका आहे."

"तोच हवा! हे बघ, कांगासकाका आपलं ऐकणार नाहीत. पण कुणी त्यांचं कौतुक केलं तर?"

क्लेमच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. पुढच्याच क्षणी पठ्ठ्या मंचावर चढला आणि माइक त्याच्या हातात होता!

"मंडळी, मंडळी! इकडे लक्ष द्या! आपले लाडके अध्यक्ष कांगासकाका आता सर्वांसमोर दाखवणार आहेत, हिरवा स्टिकर म्हणजे काय असतं ते! स्ट्रिकलंडसाहेबांचं कार्ड, तपासणीच्या टेबलावर, आत्ता! टाळ्या!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. कांगासकाका आधी गोंधळले. मग त्यांनी चारी बाजूंना पाहिलं, छाती फुगवली आणि सदरा सारखा केला.

"अं... हो! अर्थात! चला स्ट्रिकलंड!"

"मी? नको नको, माझं टेबल..."

"टेबलाला कोण खातंय? चला!" कांगासकाकांनी त्याच्या दंडाला धरून त्याला जवळजवळ फरफटतच नेलं.

सारा हॉल कोपऱ्यात लोटला. आयनोनं तिथल्या मशीनमध्ये कार्ड बसवलं, स्क्रू आवळला, बटण दाबलं. स्क्रीनवर कार्डाचं नाव उमटलं. पिशवीवर छापलेलं तेच, नव्या मॉडेलचं!

"पाहिलंत?" स्ट्रिकलंडनं रुमालानं कपाळ पुसलं.

"पाहिलंत?" कांगासकाकांनी मिशीवरून हात फिरवला.

"पाहिलंस?" रेनोकाका आयनोला म्हणाला. "उगाच बिचाऱ्याला बदनाम करत होतात. आता माफी मागा बघू."

आयनोनं कार्डाकडे पुन्हा पाहिलं. आपलंच चुकलं की काय? पण निळं तोंड तिच्या नजरेसमोरून हलेना.

"नाव दिसलं. पण कार्डाच्या आत नाव कुणीही लिहू शकतं," ती म्हणाली. "मी उद्या स्वतःला अग्निशमन दलाची प्रमुख म्हणवून घेतलं, म्हणून मला बंब चालवता येईल का? त्याला काम करून दाखवू द्या. शर्यत लावा. खरी!"

"बरोबर बोलतेय पोरगी!" मागून कुणीतरी ओरडलं. "लावा शर्यत!"

"वेळ नाही हो..." स्ट्रिकलंड मागे सरकला.

आयनोनं शर्यत लावली आणि कंट्रोलर हातात घेतला. गाडी सुटली. सुटली कसली! एक चित्र आलं. थांबलं. मग दुसरं आलं. गाडी इथे होती, ती एकदम तिथे दिसली, मग झाडात, मग आकाशात! नंतर स्क्रीन काळाठिक्कर पडला आणि कार्डाचा पंखा घुं घुं करत राहिला.

"हे लोणी?" क्लेम रेनोकाकाकडे बघत म्हणाला आणि हॉलभर हशा पिकला.

"या मॉडेलला हे निळं तोंड नसतं," आयनोनं कार्डाची कड सगळ्यांना दाखवली. "हे कितीतरी जुनं कार्ड आहे. आतलं नाव बदललंय, बाहेरची पिशवी बदललीय. आणि त्यांच्या टेबलावर शर्यत नाही, व्हिडिओ चालू आहे!"

"कावळ्याकडे बघा!" टोइव्हो लांबून ओरडला.

सगळ्यांच्या माना वळल्या. स्ट्रिकलंड कधीच सटकून आपल्या टेबलाशी पोचला होता. गाशा गुंडाळून, खोकी ढकलगाडीवर रचून तो दाराकडे निघायच्या बेतात होता. पण खोक्यांवर मांडी ठोकून बसला होता टोइव्हो!

"ऊठ कार्ट्या!"

"मला उठता येत नाही म्हणून उठत नाही!" टोइव्हो म्हणाला.

तोवर चार दणकट फायरमन दारात येऊन उभे राहिले होते. स्ट्रिकलंडचा गुळगुळीतपणा पार उतरला. "मला काय माहीत? मीसुद्धा घाऊक माल घेतला होता..." तो चाचरू लागला.

"पण मग हिरवे स्टिकर कुणी लावले?" जुने भाग विकायला बसलेल्या पेल्कीआजींनी विचारलं. त्यांच्या नातवानंही तसंच कार्ड घेतलं होतं.

कांगासकाकांचा चेहरा बिटासारखा झाला.

"स्टिकरचा रोल मीच त्याला दिला," ते बुटांकडे बघत म्हणाले. "सकाळी पेस्टीची रांग वाढत होती. म्हटलं, तूच तपास आणि तूच लाव. चूक माझी आहे. स्ट्रिकलंड, इथल्या प्रत्येकाचे पैसे परत कर. मग शेरीफसाहेबांशी बोलू."

पैसे परत मिळाले! पण निएमीबाई यायची वेळ होत आली होती आणि मशीन अजून आंधळंच होतं.

पेल्कीआजींच्या टेबलावर दोन जुनी कार्डं होती. एक भलंमोठं, तीन पंख्यांचं. दुसरं आखूड, एकाच पंख्याचं, धुळीनं माखलेलं.

"मोठं घेऊ!" क्लेमच्या तोंडाला पाणी सुटलं. "जेमतेम बसतं पैशांत!"

"आणि त्याला वीज कोण पुरवणार? तुझा फाटका आवाज? आपल्या डब्याचा पॉवर सप्लाय ऑफिसच्या मशीनचा आहे. एवढं धूड त्याला पेलणार नाही. लहान घेऊ, आणि उरलेल्या पैशांत मेमरी वाढवू. कोण मोठं दिसतं ते महत्त्वाचं नाही, सगळ्या भागांचं एकमेकांशी पटलं पाहिजे."

"पण आधी तपासायचं!" टोइव्हो म्हणाला.

"आधी तपासायचं!" भोवतीचे सगळे एका सुरात म्हणाले.

धूळ झटकलेलं छोटं कार्ड तपासणीच्या टेबलावर झकास पळालं. मग काय विचारता! क्लेमनं मेमरी बसवली, टोइव्होनं स्क्रू पुरवले, आयनोनं कार्ड खटकन जागी बसवलं.

"वायरी मी लावतो," कांगासकाका पुढे सरसावले. "तेवढी तरी मदत करू द्या."

तेवढ्यात निएमीबाई दारातून आत आल्या. आयनोनं श्वास रोखून बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पण स्क्रीन काळाच!

"अरे देवा," रेनोकाका कण्हला.

निएमीबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. कार्ड तर आत्ताच चाललं होतं, मेमरी नीट बसली होती. मग उरलं काय? ती मशीनच्या मागे वाकली आणि तिला हसूच फुटलं.

"कांगासकाका! स्क्रीनची वायर तुम्ही मदरबोर्डला लावलीत! ती कार्डाला लावायची असते!"

"आँ? आमच्या वेळी एकच भोक असायचं!"

आयनोनं वायर काढून कार्डात खोचली. स्क्रीन उजळला! टोइव्होनं अशी आरोळी ठोकली की पेल्कीआजींनी कानांवर हात ठेवले.

"चित्र आलं, छान," निएमीबाई म्हणाल्या. "आता पळवून दाखव."

आयनो खुर्चीत बसली. शर्यत सुटली. या वेळी गाडी तिच्या बोटांबरोबर वळत होती, बर्फ उडवत होती, एकेकाला मागे टाकत होती. तिला हॉल दिसेना, माणसं दिसेनात. दिसत होता फक्त रस्ता. मागे रेनोकाका सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता, "दाब! दाब! वळण आलं!"

ती पहिली आली.

निएमीबाईंनी फोन काढला आणि तिथेच उभं राहून तिचं नाव पाठवलं. "शर्यत जिंकलीस म्हणून नाही हं," त्या म्हणाल्या. "सगळे 'पाहिलंत?' म्हणत असताना तू 'खरी शर्यत लावा' म्हणालीस, ते मला दारातच लोकांनी सांगितलं. संघाला तशी मुलगी हवी. मशीन कुणाचं म्हणून लिहू?"

"आमच्या तिघांचं," आयनो म्हणाली.

कांगासकाकांनी आपली टोपी काढली. "पोरांनो, आज तुम्ही मंडळाची अब्रू राखलीत. पुढच्या वर्षी तपासणीचं टेबल तुमच्या ताब्यात."

रेनोकाका मात्र खुर्ची ओढून आयनोशेजारी बसला आणि कान खाजवत हळूच म्हणाला, "पोरी, मला यातलं ओ का ठो कळत नाही. मघाशी कबूल करायला लाज वाटली, म्हणून ऐट मारली आणि तुमचे पैसे घालवून बसलो होतो. शिकवशील का मला?"

आयनोनं कंट्रोलर त्याच्या हातात दिला. काकाची गाडी पहिल्याच वळणावर झाडावर आपटली आणि तिघं पोट धरधरून हसली.