ढगात घातलेलं ड्रोन

कामशेतचा इर्शाद लग्नांचं शूटिंग करायचा, कुणी बोलावलं तर ड्रोनही उडवायचा. त्या दुपारी तो लोणावळ्याच्या वरच्या अंगाला, एका रिसॉर्टमागच्या कड्यावर निघाला होता. जाहिरातीसाठी दरीचं चित्रण हवं, असा मालकाचा निरोप होता. काम साधंच, पण गाडी चालवताना इर्शादचे दात घट्ट आवळलेले होते.

गेल्या श्रावणात याच कड्यावरून त्याचा भागीदार संदेश घसरून मेला. धुक्यात उडवू नये असं दोघंही सांगत होते, मालकाने हट्टाने उडवायला लावलं. ड्रोन ढगात शिरलं ते दरीतच पडलं. ते काढायला इर्शाद गाडीतून दोर घेऊन परतला, तेव्हा कड्यावर मालक एकटाच उभा होता. संदेश आपणहून खाली उतरला, असं त्याने पोलिसांना सांगितलं. मालक मातीलाही आला नाही.

निघण्याआधी इर्शाद वराळ्याला संदेशच्या बायकोकडे थांबला होता. समीक्षा एवढंच म्हणाली, "ते आपनहून न्हाई उतरले, भाऊ. तेवढं त्या मालकाच्या तोंडून काढा."

कड्यावर दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. कुजल्या पानांचा वास दाटला होता. छत्री घेऊन मालक आला आणि म्हणाला, उडवा, ढग काय, जाईल. गेल्या वर्षीचेच शब्द. इर्शादची कानशिलं तापली. खिशातल्या मोबाईलवर त्याने रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मुद्दामच ड्रोन वर घेतलं.

अर्ध्या मिनिटात स्क्रीन पांढरीफटक झाली. सिग्नल गेला. पंख्यांची घरघर खाली खाली जात दरीत विझली.

मालक तडकला. "मेमरी कार्ड तरी आणा. ही काय वाट, इथूनच उतरते."

इर्शादने रिमोट गवतात टाकला. "संदेशलाही असंच सांगितलंत?"

"तो आपणहून..."

खाली एक दगड घरंगळला. मग चिखलातून पावलं वाजू लागली. कुणीतरी वाट चढत होतं. चार पावलं, मग थांबून धाप टाकणं, पुन्हा चार पावलं.

"कोण आहे...?" मालकाची छत्री कलंडली. पावलं जवळ आली, तसा त्याचा आवाज बारीक झाला. "नको म्हणत होता तो... मी पाठवलं. मीच."

वर्षभर हेच ऐकायचं होतं. पण ऐकल्यावर राग निवला नाही, उलट डोक्यात भडकला. इर्शादने त्याची गचांडी धरली आणि कडेपर्यंत रेटत नेला. आता नुसता हात सोडायचा होता.

पावलं अगदी पाठीशी येऊन थांबली. मानेवर कुणाचा तरी गार श्वास लागला. इर्शादने मालकाला मागे ओढून चिखलात ढकललं आणि वळून पाहिलं.

मागे कुणी नव्हतं. फक्त धुक्यात कमरेच्या उंचीवर ड्रोन होतं, माणसाच्या चालीने हेलकावत पुढे येणारं. दोघांच्या मधून ते गेलं आणि एका दगडावर अलगद टेकलं, कुणी जपून ठेवावं तसं.

आवाज कसलाच नव्हता. ड्रोनचे चारही पंखे थांबलेले होते.