उघडं कुलूप

मोरधारगडावर उजाडत होतं. खाली पठारावर गनिमाच्या तंबूंतून धूर निघत होता, आणि वर दारूखान्यात हवालदार येमाजी रिकाम्या जागेकडे बघत उभा होता. बारुदीचे बुधले कमी झाले होते. दाराला कुलूप जसंच्या तसं होतं आणि त्याची एकुलती एक किल्ली येमाजीच्या कमरेला होती.

सबनीस नारोपंतांनी आवाज खाली घेतला. "हवालदार, कुलूप तुटलेलं नाही. मग मी कोणावर संशय घ्यावा?"

"माझ्यावर घ्या. पण चार माणसांत बोलू नका."

"अमावस्येपर्यंत गप्प राहीन. पुढे राजधानीला कळवावंच लागेल."

त्या दिवसापासून येमाजी प्रत्येकाच्या हाताकडे बघू लागला. पहारेकऱ्यांच्या, नारोपंतांच्या, आणि सरनौबत कावजीच्याही. कावजी त्याचा सख्खा मेहुणा. त्याची बहीण राही, येमाजीची बायको, वारली तेव्हा येमाजीला सावरणारा तोच.

राहीच्या कोठीपुढे बसला असताना येमाजीला तिची एक सवय आठवली. कोठी उघडली की ती कुलूप लगेच कोयंड्यात अडकवून पुन्हा दाबून टाकायची. तो हसायचा. ती म्हणायची, "हसा! उघडं कुलूप कुणी बदललं, तर तुम्ही दुसऱ्याचंच कुलूप लावून निवांत झोपाल."

दारूखान्याचं कुलूप दिवसभर खुंटीला उघडंच लटकत असे. ते खटक्याचं होतं, दाबलं की लागायचं. लावताना किल्ली कोणी वापरतच नव्हतं. दिवसा कोणी तसंच दिसणारं आपलं कुलूप तिथे टांगलं, रात्री आपल्या किल्लीने ते उघडलं आणि जाताना मूळचं पुन्हा लावलं, तर सकाळी कुणाला कळणार?

येमाजी कोणाला काही बोलला नाही. रोज संध्याकाळी दार लावण्याआधी तो आडोशाने किल्ली फिरवून बघू लागला. रोज फिरायची. अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी फिरली नाही.

त्याने तेच कुलूप लावलं. मग किल्लीशी झटापट करत ओरडला, "दिवटी आत राहिली! जळतेय! किल्ली फिरेना!"

पहारेकरी तटाकडे पळाले. नारोपंत पागोटं सांभाळत त्यांच्या मागे धावले. कावजीही चार पावलं पळाला आणि थांबला. दारूखान्याला लागूनच बायकापोरांची घरं होती. तो उलटा फिरला, येमाजीला ढकलून त्याने स्वतःच्या कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि आत घुसला.

आत अंधार होता.

तो वळला तेव्हा येमाजी दारात उभा होता. कावजीने तलवार उपसली. येमाजीने आपल्या तलवारीला हात लावला नाही. तो तसाच पुढे गेला, टोक छातीला लागेपर्यंत.

"बारूद कुठंय, कावजी?"

"बाजूला व्हा, दाजी."

"होत नाही."

कावजी ओरडला, "माझी बायको-पोरं खालच्या गावात गनिमाच्या हातात आहेत हो! मी काय करायचं होतं?"

"मला सांगायचं होतंस."

तलवार खाली पडली. बारूद गडावरच्या एका कोरड्या टाक्यात सापडली. पुढे हल्ला आला तेव्हा तोफा बोलल्या आणि गड राहिला. नारोपंतांनी दारूखान्याला किल्लीशिवाय लागणार नाही असं कुलूप घडवून घेतलं. कावजीला बेड्या घालून राजधानीला नेलं. जाताना त्याने मान वर केली नाही. त्याच्या बायको-पोरांचं काय झालं, ते गडावर कधीच कळलं नाही.

राहीच्या अस्थी गोदावरीला न्यायचं कावजीने कबूल केलं होतं. येमाजीच्या घराबाहेरच्या उंबराला अस्थींचं गाडगं टांगलेलं आहे. त्या अजून न्यायच्या आहेत.